लग्न न झालेल्या बापाला मुलावर कायद्याने हक्क असतो का?

तुम्ही विचारलंय की जन्मदाखल्यावर वडील म्हणून तुमचं नाव आहे, तरी मुलीची आई भेटू देत नाही, मग काय करायचं.

हक्क आहे, पण आईच्या नंतरचा. १९५६ च्या हिंदू अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) व पालकत्व कायद्याच्या कलम ६ नुसार विवाहबाह्य अपत्याची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर वडील. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगता, त्यांना नोटीस न देता पालकत्वाचा अर्ज करू दिला. म्हणजे नुसत्या दाखल्याच्या जोरावर मुलीला घेऊन जाता येणार नाही. तसं चुकूनही करू नका, पुढे कोर्टात तेच अंगाशी येतं.

भेटीसाठी मात्र मुलगी जिथे राहते तिथल्या कौटुंबिक न्यायालयात १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करा. न्यायाधीश बघतात ते मुलीचं हित. म्हणून शाळेची फी भरल्याच्या पावत्या, दवाखान्याची बिलं, तिच्यासोबतचे फोटो जपून ठेवा.

आणि भेट मिळत नाही म्हणून खर्च थांबवू नका. लग्न असो-नसो, पोटगीची जबाबदारी बापावर आहेच. पैसे बँकेतूनच पाठवा. वकील आजच गाठा. मूल लहान असताना तुटलेली ओळख परत जुळवणं फार जड जातं.