जामीन झाला, मग सुटका का नाही?

प्रश्न : भावाला सत्र न्यायालयाने १९ दिवसांपूर्वी २५ हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून दिलेली हमी) आणि तितक्याच रकमेचा एक जामीनदार या अटीवर जामीन दिला. तो अजून मध्यवर्ती कारागृहातच आहे. अडकलंय कुठे? (एक वाचक, सातारा)

बहुधा जामीनदाराच्या कागदांत. जामिनाचा आदेश म्हणजे सुटकेचा आदेश नव्हे. आधी जामीनदाराला न्यायालयात हजर राहावे लागते. त्याची ओळख आणि ऐपत तपासली जाते, बंधपत्रावर सह्या होतात आणि मगच कारागृह अधीक्षकांच्या नावे सुटकेचा आदेश निघतो. कारागृहात तो आदेश मूळ कोठडी वॉरंटशी ताडून पाहतात : नाव, वडिलांचे नाव, गुन्हा क्रमांक, कलमे. वॉरंटवर गुन्हा क्रमांक २१७ आणि आदेशावर २७१ असेल, तर दुरुस्तीसाठी कागद परत न्यायालयात. दुसऱ्या एखाद्या गुन्ह्यात त्याचा ताबा मागितलेला असेल, तर या गुन्ह्यातला जामीन होऊनही तो आतच राहतो. आदेश संध्याकाळी बराकी बंद झाल्यावर पोचला, तर ती रात्रही आतच काढावी लागते.

जामीनदाराकडे आधार, शिधापत्रिका, फोटो आणि ऐपतीचा पुरावा हवा. त्यासाठी सातबारा किंवा घरपट्टीची पावती चालते. नोकरदार असेल तर पगारपत्रक आणि ओळखपत्र. काही न्यायालये तहसीलदारांचा ऐपतीचा दाखलाही मागतात आणि बरेचदा सगळा वेळ तोच खातो. अशा वेळी वकिलांना अर्ज करायला सांगा : तूर्त रोख रक्कम भरून सोडावे, जामीनदार देण्यासाठी काही आठवड्यांची मुदत मिळावी. न्यायालयाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे 'तयार' जामीनदार भेटतील. त्यांच्या वाटेला जाऊ नका. सातबारा बनावट निघाला, तर जामीन जातोच, वर नवा गुन्हा दाखल होतो.

तुमच्या बाबतीत महत्त्वाचे म्हणजे सर्वोच्च न्यायालयाचे ३१ जानेवारी २०२३ चे निर्देश. जामीन होऊन ७ दिवसांत सुटका झाली नाही, तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे असते. महिनाभरात बंधपत्र भरले गेले नाही, तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकते. जामीनदार स्थानिकच हवा, असा आग्रहही धरायचा नाही. तुमचे ७ दिवस केव्हाच उलटून गेलेत. जामिनाच्या आदेशाची प्रत घेऊन उद्याच प्राधिकरणाचे कार्यालय गाठा किंवा १५१०० या विधी सेवा मदत क्रमांकावर फोन करा. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

प्रश्न : '६० दिवस झाले की आपोआप जामीन' हे खरे का? (परभणी)

मुदत खरी, पण 'आपोआप' काहीच होत नाही. अटकेनंतर प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करावेच लागते. तिथून पोलीस कोठडी मिळते किंवा न्यायालयीन कोठडी. पोलीस कोठडीत माणूस चौकशीसाठी पोलिसांच्या ताब्यात असतो, न्यायालयीन कोठडीत कारागृहात. पोलीस कोठडी एकूण १५ दिवसांची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार ती सलगच हवी असे नाही. गुन्ह्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यानेही मागता येते. त्यामुळे माणूस एकदा कारागृहात गेला म्हणजे पोलीस कोठडीचा विषय मिटला, असे आता धरून चालत नाही.

मृत्युदंड, जन्मठेप किंवा १० वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेचे गुन्हे असतील तर दोषारोपपत्रासाठी पोलिसांना ९० दिवस, बाकीच्यांत ६०. (मकोका हा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा आणि अमली पदार्थांचा कायदा यांचे हिशेब वेगळे. पहिल्या दोन्हींत १८० दिवसांपर्यंत जाता येते, अमली पदार्थांच्या काही गुन्ह्यांत त्याहूनही पुढे.) मोजणी अटकेपासून नाही, पहिल्या कोठडीच्या आदेशापासून, आणि तो दिवस धरून. कोठडी ३ जूनला मिळाली, तर साठावा दिवस १ ऑगस्ट. तोवर दोषारोपपत्र आले नाही, तर २ ऑगस्टला न्यायालय उघडताच जामिनासाठी अर्ज द्यायचा. 'उद्या देऊ' म्हणालात आणि दुपारी पोलिसांनी दोषारोपपत्र दाखल केले, तर मुदत उलटल्यामुळे मिळालेला जामिनाचा हक्क गेला. याउलट तुमचा अर्ज आधी पडला असेल, तर नंतर आलेले दोषारोपपत्र तो हक्क हिरावू शकत नाही. मात्र जामीनदार तयार ठेवा. न्यायालयाने दिलेल्या मुदतीत बंधपत्र भरले नाही, तर हातातोंडाशी आलेली सुटका हुकते.

प्रश्न : जन्मठेप म्हणजे १४ वर्षे, आणि कारागृहात दिवस-रात्र वेगळे मोजतात, असे ऐकले. (जळगाव)

दिवस-रात्र वेगळे कुठेच मोजत नाहीत. जन्मठेप म्हणजे उरलेले आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये गोपाळ गोडसे यांच्या प्रकरणातच स्पष्ट केले. १४ चा आकडा आला तो निराळ्याच तरतुदीतून. ज्या गुन्ह्याला मृत्युदंडही होऊ शकतो, त्यात जन्मठेप झाली असेल, तर प्रत्यक्ष १४ वर्षे भोगल्याशिवाय सरकारला मुदतपूर्व सोडता येत नाही. माफीचे दिवस, म्हणजे चांगल्या वर्तणुकीबद्दल शिक्षेतून मिळणारी सूट, त्या १४ वर्षांत धरत नाहीत. १४ वर्षांनंतर विचार होऊ शकतो, एवढेच. गुन्ह्याचे स्वरूप आणि कारागृहातली वर्तणूक पाहून सरकार ठरवते, आणि कित्येकांना त्याहून बरीच जास्त वर्षे काढावी लागतात.

प्रश्न : फर्लो आणि पॅरोल एकच का? (सोलापूर)

नाही. फर्लो ठरावीक काळ शिक्षा भोगल्यावर मिळणारी रजा. कारण द्यावे लागत नाही आणि ते दिवस शिक्षेतच धरले जातात. पॅरोल मात्र कारणासाठी : घरात मृत्यू, गंभीर आजारपण, लग्न. ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, तेवढे पुढे भोगावे लागतात. दोन्ही अर्ज स्थानिक पोलिसांच्या अहवालावर बरेच अडतात. म्हणून रजेवर येऊन राहायचा पत्ता आणि जबाबदारी घेणारा नातेवाईक हे तपशील नीट भरा; पोलीस त्या पत्त्यावर जातात तेव्हा घरात कुणीतरी असू द्या. परतीची तारीख चुकली, तर माफीचे दिवस कापले जातात आणि पुढची रजा अवघड होते.