चौथ्या मजल्याचं दार

प्रश्न : कोथरूडला आमची सहा मजली सोसायटी आहे. लिफ्टचं दार चौथ्या मजल्यावर मिटता मिटता परत उघडतं. मेकॅनिक येतो, पाच मिनिटांत ‘झालं’ म्हणून सही घेऊन जातो. चार दिवसांनी पुन्हा तेच. सेक्रेटरी म्हणून मी काय बघून सही करावी?

उत्तर : ताई, त्याने तळमजल्यावर दार दोनदा उघडमीट केलं असेल, तर चौथा मजला तपासलेलाच नाही. लिफ्टच्या आतलं दार एकच, पण बाहेरचं प्रत्येक मजल्याचं वेगळं. त्याचं लॉक, रोलर, उंबरठ्याची खाच, सगळं वेगळं. मी 31 वर्षं हेच काम केलं. एकाच मजल्यावर दार अडतंय म्हटलं की आधी वाकून खाचेत बॅटरी मारायचो. पावसाळ्यात बुटांचा चिखल तिथे सुकून दगड होतो, दिवाळीत रांगोळी साचते. कर्वेनगरला एकदा खरवडल्यावर कुरिअरच्या खोक्याची प्लास्टिकची पट्टी निघाली. दार अडलं की माणूस अडकला असं समजून मोटर उलटी फिरते, म्हणून दार उघडतं.

सेन्सर कमरेपाशी हात घालून बघतात, ते अपुरं आहे. लहान मुलाचा पाय खाली असतो. घोट्याशी, गुडघ्याशी, छातीशी काठी धरायला लावा. प्रत्येक वेळी दार मागे गेलंच पाहिजे. मग लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर पाठवून चौथ्याचं बाहेरचं दार मेकॅनिकला हाताने जोर लावून ओढू दे. ते उघडता कामा नये. तुम्ही मागेच उभ्या राहा. हे सातही ठिकाणी, तळमजला धरून.

आणि एक. दाराच्या लॉकमध्ये एक संपर्क, म्हणजे स्विच असतो; दार बंद असेल तरच तो लिफ्ट चालू देतो. बिघाड शोधताना आम्ही तो तारेने जोडतो, म्हणजे लिफ्टला दार बंदच वाटतं. ती तार काढायची राहिली, तर लिफ्ट उघड्या दाराने धावते. मी नवा असताना नारायण पेठेत रात्री आठला जिना उतरत होतो, उस्तादांनी थांबवून पिशवी उघडायला लावली. सकाळी दोन तारा नेल्या होत्या, पिशवीत एकच. दुसरी वर कंट्रोलरमध्ये, लिफ्ट चालवणाऱ्या विजेच्या पेटीत, तशीच लटकत होती. खालच्या मजल्यावर तेव्हा शाळकरी मुलं राहायची. त्या रात्रीपासून मी तारा लाल, हातभर लांब वापरल्या आणि निघताना मोठ्याने मोजल्या.

तुमच्या मेकॅनिकलाही तारा तुमच्यासमोर मोजायला सांगा. त्याला राग आला तरी सांगा. सही त्यानंतर.