रशियन चित्रकार सुरिकोव्हच्या 'बोयारिन्या मोरोझोवा' या चित्रात खालचा एवढा बर्फ रिकामा का सोडलाय?

रिकामा नाहीये तो. त्या बर्फामुळेच तर स्लेज पळतेय. प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

आर्टला दुसऱ्या वर्षाला असताना मी लक्ष्मी रोडवरच्या पालखीचं वॉटरकलर केलं होतं, वारकरी, बघ्यांची ही गर्दी आणि खाली पावसानं भिजलेला रस्ता मोकळा. सर म्हणाले, खाली नुसता रस्ता पडलाय, काप. मी स्टीलची पट्टी लावून कटरनं चार बोटं कागद उडवला आणि पालखी जागच्या जागी थांबली, पुढं सरकेचना. तसं बोललो तर सगळ्या वर्गासमोर ऐकवलं, गर्दी काढायची तर माणसं काढ, डांबर कशाला काढतोस. फार लागलं होतं ते.

नंतर कधीतरी सुरिकोव्हबद्दल वाचलं. १८८७ चं चित्र, तीन मीटर उंच, जवळजवळ सहा मीटर रुंद. सतराव्या शतकातली मॉस्कोची गल्ली, जुन्या रीतीनं दोन बोटांनीच क्रूस करणार म्हणून अडून बसलेल्या मोरोझोवाला, म्हणजे एका उमराव घराण्यातल्या बाईला (बोयारिन्या म्हणजे तेच), साखळदंडात नेतायत, कोणी हात जोडतंय, कोणी दात काढतंय. एवढं सगळं काढलं तरी घोडा काही पळेना, म्हणून हा बाबा कॅनव्हासला तुकडे शिवत गेला, शेवटचा तुकडा जोडला तेव्हा घोडा चालायला लागला. ताज्या बर्फात स्लेजच्या चऱ्या कशा पडतात ते बघायला तो स्लेजच्या मागं मागं जायचा. टॉलस्टॉय बायकोला घेऊन बघायला आले, म्हणाले खालचं काप, नकोय ते. सुरिकोव्ह म्हणाला, काही कमी करता येणार नाही, स्लेज चालायची नाही. टॉलस्टॉयना सांगितलं हे त्यानं! आणि मी एका सरांपुढं गप्प बसलो.

मोबाइलवर चित्र उघडा आणि खालच्या चऱ्या अंगठ्यानं झाका. डावीकडचा पाठमोरा पोरगा धावता धावता अडकतो. अंगठा काढा, परत सुटतो. म्हणून शिकणाऱ्या पोरांना सांगतो, कोणी काप म्हणालं तर आधी हातानं झाकून बघा, कटर नंतर.

आता प्रत्येक मोकळी जागा राखावीच असं नाही, आणि माझी माणसंही तेव्हा कच्चीच होती, ते सरांचं खरं होतं. पण रस्ता बरोबर होता.

प्रत्यक्ष बघायचं असेल तर मॉस्कोच्या ट्रेत्याकोव्ह चित्रसंग्रहालयाची लावरुशिन्स्की गल्लीतली जुनी इमारत, त्यांच्या दुसऱ्या इमारतीत विसाव्या शतकातलं काम आहे. उजवीकडं खाली बर्फात अनवाणी बसलेला जोगी बघा. बाजारात काकड्या विकणाऱ्या माणसाला सुरिकोव्हनं तसं खरोखर बर्फात बसवलं होतं, पायांना व्होडका चोळून.