डी अँड डी (डन्जन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा जादू-राक्षसांचा रोल-प्लेइंग गेम) च्या गेममध्ये कॉल ऑफ कथुलू या दुसऱ्या, भयकथांच्या रोल-प्लेइंग गेममधली गावं, पंथ, भुतंखेतं घेतली तर चालतात का?

हो, बिनधास्त घ्या. घरी ओटीवर बसून चार मित्र खेळणार त्यात कोण विचारायला येतंय, फक्त पुढे छापून विकायचं असेल तर गोष्ट वेगळी. डी अँड डी चा एसआरडी, म्हणजे मूळ नियमांचा दस्तऐवज, २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सवर (श्रेय देऊन कुणीही वापरावा अशा परवान्यावर) आहे, पण ती मोकळीक दुसऱ्या कंपनीच्या जगाला लागू होत नाही.

आम्ही मालवणात मागच्या पावसात हेच केलं. कथुलूमधलं समुद्राला नवस फेडणारं गाव उचललं आणि सरळ खाडीच्या तोंडावर ठेवलं, चर्चच्या जागी देऊळ, पाद्र्याच्या जागी गावचा मानकरी, जाळ्यात मासळी भरून येते पण अमावस्येला एक होडी परत येत नाही. पोरं जाम टरकली, कारण तसली खाडी रोज बघतात ना.

गंमत आकड्यांत आहे. कथुलूत शंभरावर टाकायचं आणि आपल्या स्किलच्या आकड्याइतकं किंवा खाली यायला हवं, डी अँड डी त वीसचा डाईस आणि ठरलेला आकडा गाठायचा किंवा वर जायचं. त्यामुळे स्टॅट्स (पात्रांचे आकडे) उतरवत बसू नका, चान्स बघा. ६० टक्केवाला माणूस म्हणजे डाईसमध्ये मिळवायचे +३ आणि डीसी (गाठायचा आकडा) १२, ९ किंवा वर पडलं की झालं.

सॅनिटी, म्हणजे कथुलूत भीतीने घटत जाणारा मनाचा तोल, मात्र मी टाकून दिली. फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा मंत्र) मारणारा पाचव्या लेव्हलचा गडी कशाला घाबरतोय, त्याची होडी बुडवा मग बघा.