बाबांना स्टेंटनंतरच्या गोळ्यांनी कोरडा खोकला आणि पायांना मुंग्या, काही गोळ्या बंद केल्या तर चालेल का?

नाही, आपल्या मनाने एकही बंद करू नका. स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली जाळी) आहे म्हणजे रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आहेत, त्या सोडल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते, आणि तुम्ही दिलेल्या यादीतली मेटोप्रोलॉल (हार्टची गोळी) अचानक सोडली तर छातीत दुखणं पुन्हा उसळू शकतं. पण तुम्ही लिहिलंय ना की घरचे म्हणतात बाबा उगाच बाऊ करतात, ते वाचल्यावर मला गप्प बसवेना.

मी १३ वर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे बाबांच्या यादीतलीच शुगरची गोळी, घेतेय, दिवसाला २ ग्रॅम. नवव्या वर्षी तळपायांना मुंग्या सुरू झाल्या, रात्री चादर लागली तरी आग, पुढे पुढे चप्पल पायातून कधी निसटली तेही कळेना. घरात निदान लगेच ठरलं, ही चोरून गोड खाते. आमचे हे तर डबे उघडून बघायचे. मी म्हणायची अहो मीटर बघा, एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर) ७ आहे, तर म्हणायचे मग मुंग्या काय आपोआप येतात का. डॉक्टरही म्हणाले शुगरने नसा खराब होतात, आणि नसांची गोळी वाढवली, तिने दिवसभर गुंगी. दीड वर्ष मी ताटावर बसले की सगळ्यांची नजर माझ्या ताटात. शेवटी दुसऱ्या एका डॉक्टर बाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, मेटफॉर्मिन किती वर्षं चालू आहे आणि बी१२ (जीवनसत्त्वाची रक्ततपासणी) शेवटचं कधी केलंय? कधीच नाही. रिपोर्ट आला १३८, नॉर्मल साधारण २०० च्या वर पाहिजे. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं, आणि लिव्हरमध्ये साठा असतो म्हणून लवकर कळत नाही. त्रास मात्र अगदी शुगरच्या नसांसारखाच दिसतो, म्हणून सगळे फसतात. इंजेक्शनं घेतल्यावर तीन-चार महिन्यांत आग थांबली, बोटांचा बधिरपणा थोडा राहिलाच. आधी तपासलं असतं तर तोही राहिला नसता असं मला वाटतं आणि त्याचा राग अजून आहे. तो रिपोर्ट मी फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवलाय. यांनी तो वाचला, पण "माझं चुकलं" हे शब्द आजपर्यंत आले नाहीत.

तर बाबांचं बी१२ करून घ्या, चार वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे म्हणताय म्हणजे विचारायलाच हवं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशनही अधूनमधून तपासा म्हणते. कमी निघालं तरी मेटफॉर्मिन सहसा बंद करावी लागत नाही, बी१२ द्यायचं.

खोकल्याचं म्हणाल तर यादीत रामिप्रिल (बीपी-हार्टची गोळी) दिसतेय, तिचा कोरडा खोकला प्रसिद्ध आहे, कफ सिरपच्या बाटल्या संपवून तो जात नाही. डॉक्टर टेल्मिसार्टनसारखी गोळी बदलून देतात, मग बहुतेकांचा काही आठवड्यांत थांबतो. कुठली गोळी कोणत्या तारखेला सुरू झाली आणि त्रास कधीपासून, हे एका कागदावर लिहून न्या, नुसतं "बरं वाटत नाही" म्हटलं की पेशंटचंच चुकतंय असं धरतात. आणि घरच्यांना सांगा, बाबांच्या खाण्यावर पहारा ठेवण्याआधी एक रक्ततपासणी करा, माणूस खोटं बोलतोय असं ठरवायची एवढी घाई कशाला.

अर्थात मी डॉक्टर नाही, शुगर खरंच वाढलेली असेल तर मुंग्या तिच्याही असू शकतात. दोन्ही एकत्रही असतं. खोकला आडवं झाल्यावर वाढत असेल, धाप लागत असेल, पाय सुजले असतील तर तो हार्टचा असू शकतो, पुढच्या तारखेची वाट बघू नका. आणि रामिप्रिल चालू असताना कधी ओठ, जीभ किंवा चेहरा सुजला तर पुढची गोळी न देता तडक इमर्जन्सीत न्या, वर मी काहीही लिहिलेलं असलं तरी.