चंद्र, भरती आणि गळ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : काका नमस्कार, मी सहा वर्षं मिनेसोटात आहे, ऑफिसातल्या मित्रांमुळे तळ्यावर गळ टाकायचा नाद लागलाय. त्यांच्याकडे एक अ‍ॅप आहे, त्यात रोज दोन मेजर आणि दोन मायनर वेळा देतात आणि दिवसाला रेटिंग. सोल्युनार टेबल म्हणतात त्याला. नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीलाही तेच बघून जातात. यात तथ्य किती?

उत्तर : नमस्कार. हा विचार जॉन अल्डेन नाइट या अमेरिकन माणसाने १९२६ मध्ये मांडायला सुरुवात केली आणि पुढे त्याची कोष्टकं छापून यायला लागली. त्याचा मुद्दा साधा होता, समुद्रातला मासा भरती-ओहोटीप्रमाणे खातो तर गोड्या पाण्यातल्या माशाला आणि रानातल्या जनावरालाही चंद्राची वेळ कळत असणार. चंद्र डोक्यावर येतो तेव्हा आणि बरोबर पायाखाली म्हणजे पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूला असतो तेव्हा मेजर, साधारण दोन तास. चंद्रोदय आणि चंद्रास्ताला मायनर, साधारण तासभर. चंद्राचा दिवस २४ तास ५० मिनिटांचा असतो म्हणून या सगळ्या वेळा रोज पाऊण-एक तास पुढे सरकतात.

आता तुमच्या तळ्याचं बघा. सुपिरिअरसारख्या समुद्राएवढ्या लेकमध्येसुद्धा भरती ५ सेंटीमीटरच्या आतच असते, मग तुमच्या छोट्या तळ्यात चंद्र पाणी काय हलवणार! चंद्राचा परिणाम अजिबातच नाही असंही मी म्हणणार नाही, २०१४ मध्ये मस्की माशाच्या तीन लाखांहून जास्त नोंदी तपासल्या होत्या त्यात चंद्राच्या कलांप्रमाणे फरक दिसला, पण तो पाचेक टक्क्यांचा. त्यापेक्षा कितीतरी मोठा फरक उजेडाने पडतो. तुमच्याकडचा वॉलआय मासा घ्या, त्याच्या डोळ्यात मांजरासारखा चमकणारा पडदा असतो, अंधुक उजेडात त्याला दिसतं आणि तो ज्याला खातो त्या छोट्या माशाला नीट दिसत नाही, म्हणून दिवस मावळताना तो किनाऱ्याजवळ येतो. त्यामुळे अ‍ॅपमधला सूर्योदय-सूर्यास्ताचा कॉलम आधी बघायचा आणि एखादा मेजर नेमका त्याच वेळेला येत असेल तर ती संध्याकाळ मात्र सोडू नका.

हरणाचंही तसंच. गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधून जे अभ्यास झाले त्यात हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला जास्त फिरतात हे स्पष्ट दिसलं, चंद्राचा हात फारसा दिसला नाही, आणि नोव्हेंबर म्हणजे त्यांचा माजाचा काळ, तेव्हा नर भर दुपारीपण हिंडतो. सूर्याच्या टेबलाचा तिथे दुसरा उपयोग कायद्याचा आहे, तुमच्या राज्यात हरणाची शिकार सूर्योदयाआधी अर्ध्या तासापासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंतच चालते, तेव्हा तुमच्याच गावची वेळ बघा, शेजारच्या शहराची नको. एक अंश रेखांशाला ४ मिनिटं पडतात. आपल्याकडे मुंबई आणि नागपूरच्या सूर्योदयात २५ मिनिटांच्या आसपास फरक पडतो तो यामुळेच.

प्रश्न : मी दापोली तालुक्यातला, नोकरीमुळे पुण्यात असतो. सुट्टीत गावी आलो की खाडीवर गरवायला जातो. आजोबा नुसतं कॅलेंडर बघून सांगायचे आज अमुक वाजता भरती, आता ते नाहीत आणि मला ते गणित कधी शिकायचं सुचलं नाही. प्लीज सांगाल का? आणि भरतीला गळ टाकायचा की सुकतीला, म्हणजे ओहोटीला?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून खूप बरं वाटलं, कारण हे गणित आमच्या पिढीबरोबर जाईल अशी मला भीती वाटते. तिथीची पाऊणपट करायची, बस. तिथीला तीनने गुणा, चारने भागा, जे येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती, शुद्ध पक्ष असो की वद्य. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, पावणेचार. म्हणजे पहाटे पावणेचार आणि दुपारी चारच्या सुमाराला. अष्टमीला सहा. दशमीला साडेसात. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा येतात, प्रत्यक्षात बारापर्यंत धरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. अर्ध्या-पाऊण तासाची चूक यात असतेच आणि किनाऱ्याने जसं दक्षिणेला जाल तशी भरती थोडी लवकर येते, मुंबईपेक्षा रत्नागिरीला आधी, गोव्याला त्याहून आधी. खाडीत आत जाल तर उलट, पाणी तोंडातून शिरून वर पोचायला वेळ लागतो. मिनिटाचा हिशोब हवा असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाची भरतीची कोष्टकं असतात, पण बोटीत बसल्याबसल्या तिथीच कामाला येते.

आता वेळ कळली म्हणजे मासा कळला असं नाही हो. मासा भरती आहे म्हणून खात नाही, पाणी वाहतं तेव्हा खातो. आंजर्ल्याच्या खाडीत मी जिथे बसतो तिथे एक जुना खांब आहे, त्याला कालवं चिकटलेली आहेत. भरती संपत आली की खांबामागचा भोवरा हळूहळू विरतो, दोरी सैल पडते, वाहत आलेलं कांदळाचं पान जागच्या जागी फिरायला लागतं. ती दहा-पंधरा मिनिटं गळाला कोणी शिवत नाही, चहा प्यायचा. मग ते पान समुद्राकडे सरकायला लागतं, आधी इतकं सावकाश की खात्री होत नाही, आणि त्याच पहिल्या तासात कांदळवनातून परतणाऱ्या पाण्याबरोबर कोळंबी आणि बारीक मासळी बाहेर येते आणि तांबोशी खांबाच्या आडोशाला दबा धरून बसलेली असते. जिवंत कोळंबी लावून गळ खांबाला लागून सोडा. मला मिळालेल्या चांगल्या तांबोशी बहुतेक ह्याच तासातल्या.

आणि उधाण-भांगाचं लक्षात ठेवा. पौर्णिमा-अमावास्येनंतर दोनेक दिवस उधाणाचे, पाण्याला ओढ जबरदस्त. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मरगळलेलं. डोलीवाल्यांचं सगळं गणितच यावर, डोल हे जाळं एका जागी बांधलेलं असतं आणि पाण्याची ओढ बोंबील-जवळा त्यात आणून भरते, भांगाला ओढच नाही तर जाळ्यात येणार काय. गळवाल्याचं थोडं वेगळं, भर उधाणात गळाला बांधलेलं शिशाचं वजन तळाला टिकत नाही, गढूळही होतं, म्हणून मला चतुर्थी ते षष्ठी बरी वाटते. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं काढायची असतील तर मात्र उधाणाचीच सुकती, पाणी सगळ्यात लांब तेव्हाच जातं. त्या दिवशी खडकांवर आत गेलात तर घड्याळ बघत राहा, जेवढं लांब गेलं तेवढ्याच जोरात परत येतं आणि मागची घळ आधी भरते, आपण पुढे तोंड करून बसलेले असतो.

एक वही करा. तारीख, तिथी, पाणी कुठल्या दिशेला होतं, किती वाजता लागला, कुठला मासा. दोन वर्षांत तुमच्या खाडीचं टेबल तुमच्याकडे तयार होईल आणि ते कुठल्याही अ‍ॅपमध्ये मिळायचं नाही.

प्रश्न : अमावास्येला खेकडे भरलेले आणि पौर्णिमेला पोकळ असं आई म्हणते. खरं का?

उत्तर : खेकडा कवच टाकतो आणि नवीन कवच कडक झालं की आत मांस भरायला वेळ लागतो, तेवढे दिवस तो पोकळ. सगळे खेकडे एकाच दिवशी कात टाकत नाहीत, त्यामुळे तिथी कुठलीही असो, घेताना पोटाकडची बाजू अंगठ्याने दाबून बघा, दबली तर ठेवून द्या. आईचा अनुभव मी खोटा म्हणत नाही, अंधाऱ्या रात्री खेकडा जास्त बिनधास्त बाहेर पडतो हे मीही बघितलंय.

प्रश्न : आम्ही चंद्रपूरकडचे. पणजोबा शिकारी होते, त्यांच्या वहीत चंद्र कधी उगवतो, कुठल्या पाणवठ्यावर काय आलं असं सगळं लिहिलेलं आहे. ते टेबल वापरून निदान ससा वगैरे मारता येईल का?

उत्तर : नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, ससासुद्धा त्यात आला. रानडुक्कर पिकात शिरत असेल तरी वनखात्याच्या परवानगीशिवाय हात लावता येत नाही.

पण ती वही जपून ठेवा, माझी कळकळीची विनंती आहे. त्या काळात कुठल्या पाणवठ्यावर काय यायचं हे आज दुसरीकडे कुठे सापडणार? आणि तिचा उपयोग बघायला होतो. बुद्धपौर्णिमेला ताडोबात, मेळघाटात मचाणावर बसून प्राणी मोजायची पद्धत याच हिशोबावर उभी आहे, पौर्णिमेला सूर्य मावळता मावळता चंद्र वर येतो म्हणून रात्रभर उजेड मिळतो आणि वैशाखात पाणी मोजक्याच जागी उरलेलं असतं. वाघ आता कॅमेरा ट्रॅपने मोजतात, मचाणावरची रात्र निसर्गानुभव म्हणून चालू राहिली आहे, अर्ज करून जाता येतं. पौर्णिमेनंतर दोन-तीन दिवसांनी बसाल तर पहिले दोनेक तास काळोख असतो, सशासारखी भित्री जनावरं चांदण्यात उघड्यावर यायला कचरतात, ती याच काळोखात पाण्यावर उरकून घेतात. पणजोबांच्या वहीत चंद्रोदयाच्या आधीच्या नोंदी वेगळ्या काढून बघा, आणि काय निघालं ते मला नक्की कळवा.