सरकारी वकील पक्षाचा असला तर?

प्रश्न : उज्ज्वल निकम २०२४ मध्ये भाजपकडून लोकसभेला उभे राहिले, हरले, लगेच पुन्हा विशेष सरकारी वकील झाले. २०२५ मध्ये राज्यसभेवर गेले. मुलगा म्हणतो, असा माणूस सरकारी खटला चालवूच कसा शकतो? मी म्हणतो, ज्यानं कसाबला फासावर पोचवलं त्याला काय विचारता! खरं कोणाचं, ताई?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : भाऊ, मुलाच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर छोटं आहे. विशेष सरकारी वकिलाला किमान १० वर्षांची वकिली लागते आणि राज्य सरकार त्याला नेमू शकतं. पक्षाबद्दल त्या कलमात अवाक्षर नाही. निवडणुकीआधी निकमांनी खटले सोडले, निकालानंतर सरकारनं ते परत दिले, काँग्रेसनं आक्षेप घेतला. नियम मोडला नाही. शोभलं का? मला विचाराल तर नाही.

पण कसाबच्या फाशीचं सगळं श्रेय तुम्ही वकिलाला देऊन टाकलं, तिथं मी अडते. जिवंत पकडलेला आरोपी, सीएसटीवरचे फोटो, डोळ्यांदेखत पाहिलेले साक्षीदार, एवढं हाताशी असलेला खटला सरकारी वकिलाच्या वाट्याला कितीदा येतो? मी सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात एपीपी, म्हणजे सहायक सरकारी वकील, म्हणून नोकरी काढली. आमचा साक्षीदार म्हणजे रोजी बुडवून आलेला माणूस. बाहेरच्या बाकावर त्याला दोन वर्षांपूर्वीचा पोलिसांपुढचा जबाब वाचून दाखवायचा. तो मान डोलावणार. पुकारा झाला की पिंजऱ्यात उभा राहून म्हणणार, “मले काही माहीत नाही, साहेब.” मग त्याला फितूर जाहीर करायचं आणि कोर्टाची परवानगी घेऊन आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायची. टीव्हीवाले तिकडं फिरकतही नाहीत, बाप्पा!

निकमांचा अनुभव मोठाच आहे. जळगावातून निघालेला हा वकील १९९३च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यानं घराघरांत पोचला. आपल्याकडचा हिंगणघाटचा जळीत खटलाही त्यांनीच चालवला. माझा त्यांच्यावरचा राग राज्यसभेचा नाही, बिर्याणीचा आहे. कसाबनं तुरुंगात बिर्याणी मागितली, असं त्यांनी खटला चालू असताना पत्रकारांना सांगितलं. २०१५ मध्ये जयपूरला स्वतःच कबूल केलं, की तसं काही घडलं नव्हतं, कसाबबद्दल सहानुभूती तयार होत होती म्हणून आपण ते रचलं. सरकारी वकील सरकारचा असला तरी त्याचं पहिलं देणं कोर्टाला, आणि खोटं आरोपीविरुद्ध असलं तरी ते खोटंच. एखाद्या ज्युनिअरनं असं केलं असतं तर आमच्या साहेबांनी त्याला दुसऱ्या दिवशी फाइलला हात लावू दिला नसता.

आणि भाऊ, फाशी मोजून वकील तोलायचा असेल तर शेजारच्या भंडाऱ्यातलं खैरलांजी आठवा, २००६ मध्ये एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली ते गाव. तिथंही विशेष सरकारी वकील निकमच. २००८ मध्ये सहा जणांना फाशी झाली, टाळ्या पडल्या. पण त्याच निकालात अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होत नाही असं ठरलं. २०१० मध्ये आपल्या नागपूर खंडपीठानं फाशी रद्द करून २५ वर्षांची शिक्षा दिली, आणि अ‍ॅट्रॉसिटी तेव्हाही लागली नाही. इंदोऱ्यात, आपल्या नागपुरातल्या दलित वस्तीत, जाऊन विचारा, लोकांना सहाचा आकडा आठवतो की हे.